पेटी मोठ्याकडे, पखवाज धाकट्याकडे

दोन सख्खे भाऊ एकत्र राहतात असे सांगितले, की मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो, "अजून?"

या एका शब्दात आमचा पेशवाईपासूनचा इतिहास आहे. 'गणपती' म्हटले की पाठोपाठ 'वर्गणी' यावी, तशी 'भाऊ' म्हटले की पाठोपाठ 'बंदकी' येते. भाऊ शेत वाटून घेतात, विहीर वाटून घेतात, विहिरीतले पाणी वारांनी वाटून घेतात, आणि वाटायला काहीच उरले नाही तर आई वाटून घेतात. सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. अशा या मुलुखात दोन भावांनी एका सतरंजीवर बसून आयुष्यभर एक सूर लावायचा, तोही कोर्टाबाहेर, ही गोष्ट मला चमत्कारात जमा करण्यासारखी वाटते.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो अमेरिकेतल्या भाच्यामुळे. तिकडे गेलेली मुले पूर्वी चॉकलेटे आणि साबण पाठवत; आता मोबाइलवर गाणी पाठवतात. एका रात्री त्याने पाठवलेले गाणे उघडले तर चार गृहस्थ, चौघांचे कोट एका कापडाचे, आणि चौघे येशूचे भजन म्हणताहेत. खाली भाच्याने लिहिले होते, "मामा, गॉस्पेल क्वार्टेट. म्हणजे आपले भजनी मंडळच. फक्त चहा नाही."

चहाशिवाय भजनी मंडळ ही कल्पना मला सहन झाली नाही. तरी गाणे ऐकले आणि बसलो ते बसलोच. एक जण पुढे होऊन गाणे सांगतो. दुसरा त्याच्या वरून बारीक आवाज फिरवतो. तिसरा मधली जागा भरतो. चौथा इतका खाली उतरतो, की पखवाजाच्या डाव्या तोंडावर ताजी कणीक थापून कुणी धूम दिली आहे असे वाटावे. चौघे चार सुरांत, आणि ऐकणाऱ्याला मात्र एकच भरलेला सूर ऐकू येतो. आमच्याकडे याच्या बरोब्बर उलट असते. आमचे चौघे मोठ्या निष्ठेने एकच सूर लावायला बसतात आणि ऐकणाऱ्याला चार ऐकू येतात.

पुढे भाच्याला विचारून विचारून बरीच माहिती काढली. क्वार्टेट म्हणजे चौघे, हा माझा समज त्याने मोडला. 'सोल स्टरर्स' नावाच्या निग्रो स्पिरिच्युअलांच्या परंपरेतल्या मंडळींनी पाचवा गाणारा घेतला. का, तर मुख्य गाणारा रंगात येऊन भरकटला तरी मागचे चार सूर पुरे राहावेत. थोडक्यात, बुवा भान विसरणार हे त्यांनी आधीच धरून ठेवले होते. आमच्या मंडळात याच कामासाठी दहा-बारा टाळकरी लागतात.

तिकडच्या या धंद्यात भाऊ फार. 'ब्लॅकवुड ब्रदर्स' हे त्यांतले नामांकित घराणे. १९३४ साली मिसिसिपी राज्यात रॉय, डॉइल आणि जेम्स हे तीन सख्खे भाऊ आणि रॉयचा मुलगा आर. डब्ल्यू. अशा चौघांनी गायला सुरुवात केली. काका-पुतण्या एका मंडळात आणि तरी मंडळ चालते, हे वाचून पेशवाईचा वारसा सांगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हेवाच वाटला. 'स्टॅटलर ब्रदर्स' यांची गोष्ट आणखी मजेची. हे चौघे, त्यांतले हॅरॉल्ड आणि डॉन रीड हे दोघेच काय ते सख्खे भाऊ, आणि स्टॅटलर आडनावाचे तर कोणीच नव्हते. हॉटेलच्या खोलीत नाक पुसायच्या कागदाचा एक खोका पडला होता. त्यावरचे कंपनीचे नाव त्यांनी उचलले आणि जन्मभर मिरवले. आमच्याकडे भाऊ असून आडनावे वेगळी लावण्यापर्यंत मजल जाते. तिकडे एका खोक्याने माणसांना भाऊ केले.

भावांचे आवाज एकमेकांत इतके मिसळतात कसे, याचे कारण काही गूढ नाही. तोंडाची घडण एका साच्यातली. 'आ' किती उघडायचा आणि 'ई' किती ताणायची हे एकाच आईकडून ऐकलेले. कुठे श्वास घ्यायचा तेही लहानपणी एका ताटात जेवताना ठरून गेलेले. दुसरा घास घेईपर्यंत पहिल्याने थांबायचे नाही! अमेरिकेत या मिसळण्याला 'रक्ताची सुरावट' अशा अर्थाचा शब्द आहे. आमच्याकडे रक्त म्हटले की सुरी आठवते, सुरावट नाही. हा भाषेचा फरक.

तसे पाहिले तर भजनातली भावंडे ही आमची फार जुनी मिरास आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चौकडी मिसिसिपीच्या आधी सहाशे वर्षे होऊन गेली. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तीत धाकटा भाऊ पानोपानी थोरल्याला गुरू म्हणून नमस्कार करतो. आज थोरल्याला वाकून नमस्कार करणारा धाकटा दिसला, की लोक विचारतात, "कर्ज हवंय का?" आणि केवळ विठोबाचीच गोष्ट कशाला? नारायण वामन टिळकांनी येशूची भजने मराठीत लिहिली, कीर्तने केली, तेव्हा गॉस्पेलसुद्धा आमच्या मातीत मांडी घालून बसले होते.

अलीकडचे म्हणाल तर शिंद्यांचे घराणे आहे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ऐकला नाही असा पंढरीचा वारकरी नाही आणि चौदा एप्रिलचा मांडव नाही. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते त्यांनी एकाच भरघोस गळ्याने गायली. २००४ साली ते गेले. त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद हे कॅसेटच्या जमान्यात पुढे आले. आनंद शिंद्यांच्या पोपटाने ऐंशीच्या दशकात जो धुमाकूळ घातला, तो वरात अडून राहिलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. त्याच सुमारास हिंदी चित्रपटांत आनंद-मिलिंद नावाचीच दुसरी जोडी आली; तेही सख्खे भाऊ, संगीतकार चित्रगुप्त यांचे चिरंजीव. म्हणजे एकाच वेळी, एकाच मुंबईत, आनंद-मिलिंद नावाच्या दोन जोड्या गाण्याच्या धंद्यात! पोस्टमनचे काय झाले असेल देव जाणे.

पण ही झाली नावाजलेली माणसे. माझ्या भाच्याच्या गाण्याला खरे उत्तर मला मिळाले ते चांदीपला.

चांदीप हे गाव वसई तालुक्यात. पूर्वी जिल्हा ठाणे. २०१४ पासून पालघर. विरारहून महामार्गावरच्या शिरसाड फाट्याला यायचे आणि पारोळ-वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागायचे. वज्रेश्वरीला जाणारे भाविक या रस्त्याने जातात ते देवीच्या आणि गरम कुंडांच्या ओढीने. मधल्या गावांकडे पाहायला त्यांना सवड नसते. मीही गेलो नसतो. पण आमच्या विहीणबाईंचे माहेर त्या बाजूचे, आणि विहीणबाईंच्या माहेरचा सप्ताह चुकवायचा म्हणजे काय, हे मुलाचे बाप जाणतात. (मुलींचे बाप तर जाणतातच.)

सप्ताहाच्या रात्री जे भजन होते, ते तिथल्या दोन सख्ख्या भावांचे. त्यांना सगळे मोठे बुवा आणि धाकटे बुवा म्हणतात. मोठे पंचाहत्तरीचे, धाकटे चार-पाच वर्षांनी लहान. मोठे बुवा पेटीवर बसतात आणि अभंग सांगतात. धाकटे बुवा पखवाज वाजवतात आणि मागून ध्रुपद धरतात. पंचक्रोशीत कुणाची पूजा असो, गणपती असो, कुणाच्या वडलांचे तेरावे असो, ही जोडी पन्नास वर्षे जाते आहे. बिदागी म्हणाल तर नारळ, उपरणे आणि परतीची जीप. एकदा दादरला जाऊन कॅसेटही काढली होती. दोनशे निघाल्या, साठ खपल्या, बाकीच्या ट्रंकेत सुरक्षित आहेत. आता ऐकायला यंत्र मिळत नाही, त्यामुळे, मोठे बुवा म्हणाले, "रेकॉर्डिंग अजून तसंच्या तसं नवीन आहे."

मी जाऊन पुढे बसलो. भजन सुरू व्हायचे होते. तेवढ्यात एक विलक्षण संवाद कानावर आला. दोघा भावांत अंतर फार तर दोन हात. मध्ये बारा-तेरा वर्षांचा एक टाळकरी पोरगा.

धाकटे बुवा पोराला म्हणाले, "पेटीवाल्यांना विचार, पट्टी कुठली?"

पोरगा वळून म्हणाला, "पट्टी कुठली?"

मोठे बुवा पोराला म्हणाले, "पखवाजवाल्यांना सांग, काळी दोन."

"काळी दोन," पोराने पलीकडे पोचवले.

मला वाटले, काही धार्मिक प्रथा असेल. विहीणबाई कानाशी लागल्या, "बोलत नाहीत दोघं. सोळा वर्षं झाली."

कारण नेहमीचेच. महामार्गाजवळच्या जमिनीला भाव आला. भाव आला की भावाला भाऊ दिसेनासा होतो. मराठी भाषेने हे दोन शब्द उगीच इतके जवळ ठेवलेले नाहीत. भातखाचरे वाटली, गोठा वाटला, बांधावरच्या फणसावरून शब्दाला शब्द वाढला आणि बोलणे थांबले. शेवटी राहिले ते बापाच्या भजनाचे सामान. एक पेटी, एक पखवाज, बारा जोड टाळ. वाटणीला गावातला एक म्हातारा पंच म्हणून बसला होता. सगळ्यांना वाटले, सामान विकून पैसे वाटून देईल. म्हाताऱ्याने बराच वेळ तंबाखू मळली आणि निकाल दिला, "पेटी मोठ्याकडे, पखवाज धाकट्याकडे. टाळ सहा-सहा."

हा म्हातारा कुठल्या शाळेत गेला नव्हता. पण एवढा शहाणा निवाडा मी दिवाणी कोर्टातही ऐकलेला नाही. नुसत्या पेटीवर भजन उभे राहत नाही. नुसत्या पखवाजावर तर नाहीच. सहा टाळांनी देऊळ भरत नाही. एकादशी आली की दोघांना एका सतरंजीवर यावेच लागते. शेत तुटले, चूल तुटली, बोलणे तुटले. ताल तेवढा तोडता येईना, कारण त्याच्या दोन बाजू दोन घरांत होत्या.

भजन सुरू झाले. रूपाचा अभंग झाला. मोठे बुवा एके काळी काळी पाचमध्ये गायचे म्हणतात; आता काळी दोनवर आले आहेत. वयाबरोबर माणूस जिने उतरतो तशी पट्टीही उतरते. मधल्या सप्तकात आवाज अजून तुपासारखा. पण तिसऱ्या अभंगाच्या अंतऱ्याला त्यांनी वरचा षड्ज घ्यायला मान वर केली, आणि मला समोरून स्पष्ट दिसले, की तोंड उघडले आहे, पेटीवर बोट आहे, आणि गळ्यातून काहीच येत नाही.

सूर मात्र आला. नेमका त्या जागी, त्या वजनाचा, त्याच खरखरीचा. देवळातल्या मंडळींनी माना डोलावल्या. "अजून काय लागतोय बुवांचा वरचा!" माझ्या मागचे गृहस्थ म्हणाले.

तो सूर धाकट्या बुवांचा होता. पखवाजावरून नजर न काढता, ओठ जेमतेम उघडून, ते थोरल्याचा षड्ज लावत होते. मग माझे लक्ष त्यावरच राहिले. जिथे जिथे चाल वर जायची तिथे तिथे धाकटे बुवा अर्धी मात्रा आधी श्वास घेत. मोठ्यांचा आवाज लागला तर ते मागे राहत. नाही लागला तर पुढे होत. लागणार की नाही हे त्यांना आधी कसे कळत होते, कोण जाणे. सोळा वर्षे ज्या माणसाशी एक शब्द बोललेला नाही, त्याचा श्वास मात्र पाठ होता.

मला एकदम ब्लॅकवुड मंडळी आठवली. १९५४ सालच्या ३० जूनला त्यांचे विमान अलाबामा राज्यात क्लॅन्टन येथे कोसळले आणि त्यात पुतण्या आर. डब्ल्यू. आणि खर्जाचा गाणारा बिल लाइल्स असे दोघे गेले. मंडळ तिथेच संपायचे. पण संपले नाही. आर. डब्ल्यू.च्या रिकाम्या जागी त्याचा धाकटा भाऊ सेसिल येऊन उभा राहिला आणि गाणे पुढे चालले. थोरल्याच्या जागी ऐन वेळी सूर लावायचा, हे काम मिसिसिपीत काय आणि चांदीपात काय, धाकट्याच्याच वाटणीला येते. त्याची नोंद मात्र कुठल्याच उताऱ्यावर होत नाही.

भैरवी झाली. चहा आला. (भाच्याला कळवले.) मी धाकट्या बुवांना जरा बाजूला गाठले आणि शहरी माणसाच्या भोचकपणाने विचारले, "बुवा, तुमचा आवाज अजून शाबूत आहे. स्वतःचं मंडळ का नाही काढत?"

ते पखवाजाची कणीक खरवडत होते. वर न पाहता म्हणाले, "काढलं असतं. पण मागं कोण धरणार?"

"कुणीतरी धरील की!"

"पुढं गाणारे शंभर मिळतात, साहेब. मागं धरणारा घरातलाच लागतो." मग जरा थांबून म्हणाले, "तुकोबांचा कान्होबा माहीत आहे ना?"

मी मान हलवली. शहरात माहीत नसले तरी मान हलवायची पद्धत आहे; पण सुदैवाने मला कान्होबा खरेच थोडेफार माहीत होते. तुकोबांचा हा धाकटा भाऊ. परंपरा अशी सांगते, की तुकोबांनी घरची कर्जखते इंद्रायणीत बुडवायची ठरवली तेव्हा कान्होबा म्हणाले, दादा, तुझे ठीक आहे, मला संसार आहे. तेव्हा खतांची निम्मी-निम्मी वाटणी झाली. तुकोबांनी आपला वाटा डोहात सोडला. कान्होबांनी आपला घरी नेला. म्हणजे एवढ्या मोठ्या संताच्या घरीही वाटणी चुकली नाही. पण तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत कान्होबाचे नाव आहेच. खते वाटून घेतलेला भाऊ रात्री टाळ घेऊन मागे उभाच राहिला.

आणि एवढ्यावर ते थांबत नाही. कान्होबांनी स्वतःही अभंग केले. गाथेत ते छापलेले आहेत. तुकोबा गेल्यावर त्यांनी केलेला विलाप वाचला, तर देवाची गचांडी धरून भाऊ परत मागणारा माणूस दिसतो. आता कवी म्हटला की शेवटी आपले नाव घालतोच. ज्याला दोन ओळी जुळवता येतात तोही तिसरीत आपले नाव बसवतो. कान्होबांनी काय घातले? 'तुकयाबंधु'. तुकाचा भाऊ. आयुष्यभराच्या कवितेखाली सही केली ती नात्याची. कर्जाच्या कागदात अर्धा हिस्सा मोजून घेणाऱ्या माणसाने गाण्यात आपला हिस्सा मागितलाच नाही.

धाकट्या बुवांनी कणीक खरवडून संपवली, पखवाजाला गवसणी घातली आणि पोराला हाक मारली. देवळाच्या पायरीवर मोठे बुवा जीपची वाट पाहत बसले होते. दव पडायला लागले होते.

"पेटीवाल्यांना म्हणावं," धाकटे बुवा म्हणाले, "मफलर गुंडाळा कानाला. परवा पारोळला बारी आहे."

पोरगा धावत गेला. मोठ्या बुवांनी ऐकून घेतले, मफलर गुंडाळला आणि उत्तर पाठवले. पोरगा धापा टाकत परत आला.

"ते म्हणाले, तुम्ही पण गुंडाळा. वरचा सूर सांभाळायला पाहिजे."

म्हणजे मोठ्या बुवांना सगळे ठाऊक होते.

तेव्हापासून मी कुणाच्या वाटणीला पंच म्हणून जायचा प्रसंग आला, तर एकच आग्रह धरायचे ठरवले आहे. जमीन इंचाइंचाने मोजा, भांडी तोळ्यावर तोला, फणसाचे गरे मोजून घ्या; पण घरात एखादी वस्तू अशी शोधा, की जिचा अर्धा भाग एकट्याला काही कामाचा नाही. ती मधोमध वाटा. पेटी-पखवाज नसेल तर उखळ एकाला आणि मुसळ दुसऱ्याला द्या, पाटा एकाला आणि वरवंटा दुसऱ्याला द्या. हल्लीच्या फ्लॅटात यांतले काहीच नसते हे मला माहीत आहे. आमच्या इमारतीतले दोन भाऊ गेल्या महिन्यात वेगळे झाले. त्यांच्या घरी दोन टीव्ही, दोन फ्रिज, दोन गाड्या. सगळे आधीच दुहेरी. वाटणी पंधरा मिनिटांत झाली, भांडणसुद्धा झाले नाही. पेढे आले. पण ते खाताना मला उगीचच वाटत राहिले, की या दोघांना परत एका सतरंजीवर यायला आता काही कारणच उरले नाही.